गोळी थकवणारी गोधडी

दौंड जंक्शनच्या फलाटावर अधूनमधून एक दृश्य दिसतं. राज्य राखीव पोलीस बलाची तुकडी बंदोबस्ताला निघालेली असते. दौंडला या बलाचे दोन गट आहेत, क्रमांक ५ आणि क्रमांक ७. शिवाय जवळच नानवीजला प्रशिक्षण केंद्र. त्यामुळे खाकीतल्या पोरांची ये-जा इथं कुणाला नवी नाही. ट्रंका, वळकट्या, हेल्मेटं, काठ्या आणि एकीकडे एकावर एक रचलेली बीपी, म्हणजे बुलेटप्रूफ, जॅकेटं.

एकदा गाडीला उशीर होता. मी त्या जॅकेटांकडे फारच टक लावून बघत असणार, कारण एक जवान हसून म्हणाला, "धरून बघा काका." मी एका हाताने उचलायला गेलो आणि हात तिथंच राहिला. गिरणीत न्यायचा भरलेला दळणाचा डबा उचलावा तसं ते वजन. खाली ठेवताना तो लगेच म्हणाला, "हळू ठेवा हं, आपटू नका."

गोळी झेलायला केलेली वस्तू, आणि ती आपटू नका? हे कोडं घेऊन घरी आलो, आणि मग एकेक गोष्ट कळत गेली. त्यातल्या काही इथं सांगतो.

आधी नावाचं बघू

सगळे म्हणतात 'बुलेटप्रूफ'. पण भारतीय मानक ब्यूरोच्या २०१८ च्या मानकात, आयएस १७०५१ मध्ये, शब्द आहे 'बुलेट रेझिस्टंट', म्हणजे गोळीला विरोध करणारं. कुठलंही जॅकेट कुठल्याही गोळीला पुरून उरेल असं शास्त्र सांगत नाही. म्हणून या मानकात धोक्याच्या सहा पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर ९ मिलिमीटरची पिस्तुलाची गोळी, सहाव्या पायरीवर ७.६२ × ५४ आर जातीची चिलखत भेदणारी रायफलची गोळी. जॅकेट घेताना 'कितव्या पायरीचं?' हा प्रश्न पहिला.

आणि गोळीलाही जॅकेट असतंच! शिशाच्या किंवा पोलादाच्या गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूचं किंवा मऊ पोलादाचं पातळ आवरण असतं, त्याला धंद्यात 'जॅकेट'च म्हणतात. म्हणजे सामना जॅकेट विरुद्ध जॅकेट.

सिमेंटचं पोतं आणि लेदर बॉल

एके-४७ ची गोळी जेमतेम ८ ग्रॅमची. सेकंदाला ७०० मीटरहून थोड्या जास्त वेगाने ती नळीतून सुटते. हिशेब केला तर ऊर्जा भरते सुमारे २,००० ज्यूल. म्हणजे ५० किलोचं सिमेंटचं पोतं ४ मीटर उंचीवरून सोडल्यावर जमिनीवर जेवढं आदळेल, तेवढी. फक्त ते आदळणं करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर.

आता गंमत बघा. सिनेमात गोळी लागली की माणूस मागे उडून काचेतून बाहेर पडतो. तसं होत नाही. गोळीचा रेटा, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, हा ताशी १२६ किलोमीटरने येणाऱ्या लेदर बॉलएवढाच असतो. चांगल्या मध्यमगती गोलंदाजाचा चेंडू म्हणा ना. तो छातीवर बसला तर माणूस कळवळतो, पण उडत नाही. रेटा तोच, ऊर्जा मात्र त्या चेंडूच्या वीसपट, आणि तीही एका टिंबावर. सगळी भानगड त्या टिंबाची आहे. जॅकेटचं काम एकच: टिंबाचा पसा करायचा.

हे किती वेळात उरकायचं? गोळी ३ सेंटिमीटरच्या आत थांबवायची असेल तर साधारण सेकंदाच्या दहा-बारा हजाराव्या भागात. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात अशा हजारेक गोळ्या झेलून होतील.

दुधाच्या पिशवीचा सख्खा भाऊ

हलक्या चिलखतांत आज दोन धागे राज्य करतात. एक अरामिड, म्हणजे केव्हलार, ट्वारॉन वगैरे. दुसरा अतिउच्च रेणुभाराचा पॉलिथिलीन धागा, बाजारात डायनीमा किंवा स्पेक्ट्रा या नावांनी मिळणारा.

पॉलिथिलीन, हो, तेच. दुधाची पिशवी ज्याची असते त्याच कुळातलं. फरक लांबीत आणि शिस्तीत. पिशवीतल्या रेणूंच्या साखळ्या आखूड आणि शिजलेल्या शेवयांसारख्या गुंतलेल्या. इथं साखळ्या प्रचंड लांब, रेणुभार ३० ते ६० लाखांच्या घरात. नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीत पॉल स्मिथ आणि पीट लेमस्ट्रा यांनी १९७९ च्या सुमारास या पॉलिथिलीनची पूड द्रावकात विरघळवून, जेलीसारखा धागा काढून तो खूप ताणायची युक्ती बसवली. ताणला की सगळ्या साखळ्या एका दिशेने सरळ. गुंता गेला, ताकद आली. हा धागा इतका हलका की पाण्यावर तरंगतो.

आणि तो तुमच्या घरातही असू शकतो! आजीच्या गुडघ्याची वाटी बदलली असेल, तर नव्या सांध्यात धातूच्या दोन भागांमध्ये बसवलेली पांढरी चकती याच पदार्थाची असते. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ पासून खुब्याच्या सांध्यात तो वापरायला सुरुवात केली. एकच पदार्थ आजीला देवळाची पायरी चढवतो आणि जवानाची छाती राखतो.

केव्हलारची कथा तर फेकून देता देता वाचलेल्या वस्तूची आहे. १९६५ साली अमेरिकेत ड्युपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत स्टेफनी क्वोलेक मोटारीच्या टायरसाठी हलका, मजबूत धागा शोधत होत्या. एक द्रावण गढूळ आणि पाण्यासारखं पातळ झालं. असलं द्रावण बाद समजून ओतून द्यायची रीत. धागा काढायचं यंत्र चालवणारा सहकारीही आधी तयार होईना, यंत्राची बारीक छिद्रं तुंबतील म्हणून. बाईंनी हट्ट सोडला नाही. निघालेला धागा तुटेचना. वजनास वजन धरलं तर पोलादाच्या पाचपट ताकदीचा! २०१४ साली, नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या. तोवर त्यांच्या त्या हट्टाने किती घरांतली माणसं संध्याकाळी परत आली असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

गोधडी आणि चिक्की

धागा सापडला, आता त्याचं कवच कसं करायचं? इथं आपल्याकडचीच दोन उदाहरणं कामाला येतात.

पहिली गोधडी. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून टाचलेले. एका थराला भोक पडलं तरी खालचा धरतो. गोळीरोधक पत्र्यातही तसंच. धागे एका दिशेने शेजारी शेजारी ओळीत पसरायचे, त्यावर दुसरा थर आडवा, मग उभा, मग आडवा. असे कित्येक पातळ थर उष्णता आणि दाब देऊन घट्ट बसवायचे. गोळी आत शिरते तशी थरामागून थर तोडते, धाग्यांना ताणते, स्वतः चेपून छत्रीसारखी पसरते आणि दमते. शेवटचे थर तिला झेलतात. क्षेत्ररक्षक झेल घेताना हात मागे नेतो ना, तसे.

दुसरं उदाहरण चिक्कीचं. दौंड तालुक्यात गुऱ्हाळांना तोटा नाही, त्यामुळे हे इथं चटकन पटेल. शेंगदाणे म्हणजे धागा, गूळ म्हणजे त्याला धरून ठेवणारी राळ. दोन्ही मिळून जे होतं त्याला शास्त्रात 'कॉम्पोझिट' म्हणतात. होडी किंवा पंखा करायचा तर गूळ सढळ हाताने घालतात, वस्तू कडक आणि आकाराला पक्की व्हावी म्हणून. गोळी झेलायची असेल तर उलटं! गूळ कमीत कमी, बहुतेक वेळा वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आतबाहेर. धाग्यांना हलायला, ताणायला, एकमेकांपासून सुटायला जागा हवी. सगळं ठासून चिकटवलं तर गोळी ज्या जागी लागली तेवढेच धागे लढतात आणि भोक पडतं.

आता शेजारच्या धाग्यांना मदतीला बोलवायचं तर त्यांना खबर लागली पाहिजे. ती खबर म्हणजे धाग्यातून धावणारी ताणाची लहर. पॉलिथिलीनच्या या धाग्यात ती सेकंदाला सुमारे १० किलोमीटर जाते. दौंडहून पुणं रेल्वेने ७५ किलोमीटरच्या आसपास. आपल्याला गाडीने सव्वा-दीड तास, या लहरीला साडेसात सेकंद! गोळीपेक्षा ती चौदापट वेगवान. म्हणून गोळी एका जागी लागते आणि लढायला आजूबाजूचा सगळा मुलूख येतो.

गेंड्याची ढाल

हे ज्ञान नवं, कल्पना जुनी. मराठ्यांच्या ढाली बहुतेकदा गेंड्याच्या कातड्याच्या असत. ते कातडं म्हणजे कोलॅजन नावाच्या नैसर्गिक बहुवारिकाचे, म्हणजे पॉलिमरचे, धागे, एकमेकांना छेद देत दाट विणलेले. थेट निसर्गाने केलेलं कॉम्पोझिट. लोखंडी ढालीपेक्षा हलकी आणि हाताला वागवायला सोपी. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली शिरस्त्राण घातलं होतं. कवच अंगात असावं, पण हालचाल अडू नये आणि बाहेरून कळू नये, हीच अपेक्षा आजही कायम आहे.

'पटका' शब्दही असाच इतिहासातून फौजेत आला. काश्मीरमध्ये आपले जवान वर्षानुवर्षं जे पोलादी शिरकवच कपाळाभोवती बांधत आले, त्याचं नाव 'बीपी पटका'. कपाळ आणि बाजू झाकायचा, डोक्याचा वरचा भाग उघडाच.

खरी परीक्षा मातीची

या सगळ्यात मला सर्वांत आवडतो तो चाचणीचा भाग, कारण इथं कुणाची बढाई चालत नाही.

खोलीत बंदुकीची नळी एका जड बैठकीत घट्ट आवळलेली. माणसाच्या हातात बंदूक नसतेच, घोडा दुरून ओढायचा. वाटेत प्रकाशाचे दोन पडदे. गोळी एकातून दुसऱ्यात जायला किती वेळ लागला त्यावरून वेग निघतो. ठरलेल्या वेगापेक्षा तो जास्त-कमी भरला तर गोळी मोजायचीच की नाही, याचेही नियम असतात. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसच्या, म्हणजे एनआयजेच्या पद्धतीत पिस्तुलासाठी अंतर ५ मीटर, रायफलसाठी १५ मीटर.

आणि जॅकेटच्या मागे, जिथं माणूस असायचा तिथं, मातीने भरलेली पेटी. माती म्हणजे शिल्पकार वापरतात ती तेलात मळलेली, न वाळणारी माती, 'रोमा प्लास्टिलिना नंबर १'. गणपतीची शाडू हाताळलेल्या कुणालाही ती ओळखीची वाटेल. पेटी दोन फूट लांब, दोन फूट रुंद, साडेपाच इंच खोल. माती भट्टीत ऊन करून घ्यायची, कारण थंड माती कडक असते आणि खोटी साक्ष देते. मग तिचीच आधी परीक्षा. १ किलोचा पोलादी गोळा २ मीटरवरून पाच ठिकाणी टाकायचा. खड्ड्यांची सरासरी खोली १९ मिलिमीटर भरली पाहिजे, दोन मिलिमीटर इकडे-तिकडे. नाही भरली, तर माती पुन्हा भट्टीत. साक्षीदाराची उलटतपासणी आधी, खटला नंतर!

मग गोळी. समजा जॅकेटने ती अडवली. पास? थांबा. जॅकेट बाजूला करून मातीत उमटलेला खळगा मोजतात. एनआयजेची मर्यादा ४४ मिलिमीटर. गोळी आत शिरली नाही तरी कवच पाठीमागे फुगतं आणि तो फुगवटा बरगड्यांवर, काळजावर, यकृतावर आदळतो. ही ४४ ची मर्यादा १९७० च्या दशकातल्या अमेरिकी लष्कराच्या संशोधनातून आली, आणि त्यात बकऱ्यांवर प्रयोग झाले होते. त्या मुक्या जिवांचं देणं या एका आकड्यात आहे.

एवढ्यावर भागत नाही. जॅकेट ओलं करून मारा. तिरक्या कोनातून मारा. काठाजवळ मारा. एकाच पत्र्यावर पुन्हा पुन्हा मारा. एनआयजेच्या २००८ च्या मानकात तर नव्या मऊ जॅकेटाला आधी जुनं करतात. ६५ अंश सेल्सिअस उष्णता, ८० टक्के दमटपणा आणि फिरतं पिंप. त्यात जॅकेट दहा दिवसांत ७२,००० गिरक्या खातं. हे उगाच नाही आलं. झायलॉन नावाचा एक फार बळकट धागा निघाला होता, केव्हलारलाही मागे टाकणारा. पण उबेत आणि ओलाव्यात तो आतून कमकुवत होत गेला. २००३ साली अमेरिकेत एका पोलीस अधिकाऱ्याच्या अंगावरचं झायलॉनचं जॅकेट गोळीने भेदलं. २००५ मध्ये एनआयजेने या धाग्यावरचा विश्वास काढून घेतला. नवं जॅकेट उत्तम होतं. घामाने भिजलेलं जॅकेट तसं राहिलं नाही, आणि पोलीस तर घामाने भिजतोच.

एक आकडा खास सांगण्यासारखा: 'व्ही-५०'. वेग कमी-जास्त करत गोळ्या मारायच्या आणि असा वेग शोधायचा, ज्याला निम्म्या गोळ्या अडतात आणि निम्म्या पार जातात. कवचांची आपसांत तुलना करायला हा आकडा फार कामाचा. पण जवानाला निम्म्याचं काय? त्याला एकही पार गेलेली चालत नाही. म्हणून वापरायचं कवच या आकड्याच्या बरंच अलीकडे राखावं लागतं.

एक स्टेशन पुढे

पुणे-लोणावळा लोकलमध्ये शिवाजीनगरनंतर खडकी आणि खडकीनंतर दापोडी. मध्ये मुळा नदी. खडकीला १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना. त्याच्या पुढच्याच स्टेशनाला, दापोडीत, लष्कराचं अभियांत्रिकी महाविद्यालय. गोळी बनते एका स्टेशनावर, आणि गोळी अडवायचं डोकं चालतं पुढच्या!

याच महाविद्यालयात मेजर अनुप मिश्रा यांनी 'सर्वत्र' हे जॅकेट विकसित केलं. काश्मीरमधल्या एका मोहिमेत त्यांच्या स्वतःच्या जॅकेटवर गोळी बसली होती. ती आत शिरली नाही, पण धक्का शरीराला जाणवला, आणि तिथून त्यांनी हे काम हाती घेतलं. मातीतल्या खळग्याचा अर्थ स्वतःच्या अंगावर वाचलेला माणूस. डिसेंबर २०१९ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख बिपीन रावत यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. पुढच्याच वर्षी त्यांचं 'अभेद्य' हेल्मेट आलं, १० मीटरवरून आलेली एके-४७ ची गोळी अडवणारं.

किलो किलोची लढाई

२०२१ मध्ये संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेच्या, म्हणजे डीआरडीओच्या, कानपूरच्या प्रयोगशाळेने मध्यम आकाराचं जॅकेट १०.४ किलोवरून ९ किलोवर आणलं. २०२४ मध्ये त्याच प्रयोगशाळेने सर्वांत वरच्या, सहाव्या पायरीसाठी देशातलं सर्वांत हलकं जॅकेट केलं. चंदीगडच्या प्रयोगशाळेत ते तपासलं गेलं. त्याच वर्षी आयआयटी दिल्लीसोबतचं 'अभेद' आलं, कमीत कमी वजन ८.२ किलो. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही 'भाभा कवच' केलं आहे.

सहाव्या पायरीच्या त्या जॅकेटाच्या पुढच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला ४० ते ४३ किलोच्या आत. तेवढ्याच वजनाचा पोलादी पत्रा घेतला तर तो जेमतेम ५ मिलिमीटर जाडीचा होईल. हे वजन साधतं ते जोडीदारामुळे. पुढे सिरॅमिकची फरशी, मागे पॉलिमरची गोधडी. बोरॉन कार्बाइड ही फरशी कडकपणात हिऱ्याच्या पंक्तीतली, वजनाला पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याची. ती गोळीचं टोक फोडते आणि फोडता फोडता स्वतः फुटते. उरलेले तुकडे मागचे धागे झेलतात.

आणि इथं फलाटावरचं कोडं सुटलं. फरशी कडक, म्हणून ठिसूळ. आपटली तर आतून तडा जाऊ शकतो आणि वरून कापड जसंच्या तसं दिसतं. अशा तड्यासाठी पत्र्यांची एक्स-रे तपासणी करावी लागते. तो पोरगा "आपटू नका" म्हणाला तेव्हा किती नेमकं बोलत होता!

आणखी एक गोष्ट फार उशिरा झाली. स्त्रियांच्या अंगाला बेतलेल्या जॅकेटांची चाचणी अधिक नीट घेण्याच्या पद्धती एनआयजेच्या नोव्हेंबर २०२३ च्या मानकात आल्या. आपल्या पोलीस दलात हजारो मुली आहेत. पुरुषाच्या मापाचं जॅकेट त्यांच्या अंगावर कुठंतरी फट ठेवतंच, आणि त्या फटीला कुठलीच पायरी लागू होत नाही.

शिरूरचा गळपट्टा

मानेचं रक्षण हा चिलखताचा सर्वांत अवघड भाग. झाकावी तर वळता येत नाही, उघडी ठेवावी तर घात. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडच्या लोकांना हे कुणी शिकवावं लागलं नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात बिबट्याच्या हल्ल्यांनी हादरलेल्या या गावातले स्त्री-पुरुष गळ्यात टोकदार खिळ्यांचे पट्टे घालून उसाच्या रानात कामाला जाऊ लागले, कारण बिबट्या मान धरतो. त्या पट्ट्यांचे फोटो पाहताना पोटात कालवलं. हलका, न टोचणारा, घाम न आणणारा गळपट्टा बनवण्याची अक्कल पुण्यापासून कानपूरपर्यंतच्या प्रयोगशाळांत आहे. ती शिरूरच्या रानापर्यंत यायला काय हरकत आहे?

स्वयंपाकघरातला प्रयोग

वाडग्यात कॉर्नफ्लोअर घ्या, त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त पाणी घाला. हळू बोट घातलं तर बोट आत जातं. ठोसा मारला तर दगड! अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे नॉर्मन वॅग्नर आणि अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेने याच गुणाचा, सिलिकाच्या बारीक कणांचा द्रव केव्हलारच्या कापडात मुरवला. चालताना कापड मऊ, फटका बसताना कडक. पोरांना सुट्टीत करून दाखवा, फक्त नंतर मोरीत ओतू नका, तुंबते.

उन्हाची गोष्ट

पॉलिथिलीनचा हा पैलवान एका गोष्टीला भितो, उष्णतेला. साधारण १५० अंशांच्या अलीकडेच तो वितळतो आणि त्याच्या बराच आधीपासून ताकद सोडू लागतो. अरामिड वितळत नाही, पण त्याला सूर्यप्रकाश आणि ओल सोसत नाही. म्हणून ते बंद पिशवीत शिवलेलं असतं. आता दौंडचा मे महिना आठवा, आणि काचा लावून उन्हात उभी केलेली गाडी.

त्या दिवशी गाडी आणखी अर्धा तास लांबली. ऊन सरकत सरकत फलाटाच्या कडेवरून जॅकेटांच्या थप्पीपर्यंत आलं. तोच जवान उठला, दोघांना हाक मारली आणि एकेक जॅकेट दोन्ही हातांनी उचलून छपराखालच्या बाकावर नेऊन ठेवू लागला.